बाह्य हार्ड डिस्क घेण्यापूर्वी

“सर, एक टेराबाइटची घेऊ की दोनची?” हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात किंमत आणि आकडा या दोनच गोष्टी असतात. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. डिस्कवर आपण काय ठेवणार, ती रोज पिशवीतून फिरणार की कपाटात राहणार, आणि ती बंद पडली तर आतला ऐवज पुन्हा मिळविता येईल काय, हे आधी ठरले पाहिजे.

समजा, खानापूर तालुक्यातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या एखादी विद्यार्थिनी प्रबंधासाठी ध्वनिमुद्रित करीत आहे. सीडीच्या दर्जाचे, कोणतेही आकुंचन न केलेले ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. साठ तासांचे काम ४० गिगाबाइटच्या आत बसते. म्हणजे दुकानातील लहानात लहान बाह्य डिस्कवरही ते सहज मावेल. पण गाणारी आजी ऐंशीच्या पुढची असेल, तर त्या ओव्या पुन्हा मिळतील याची हमी कोण देणार? उलट, ज्याने दोन टेराबाइट सिनेमांनी भरले आहेत त्याची डिस्क उद्या बिघडली, तर फार तर त्याचा एक रविवार वाईट जाईल.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली जुनी, फिरत्या तबकड्यांची. खिशात मावणाऱ्या या डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. बंद असताना ती बऱ्यापैकी धक्के सोसते, पण चालू असताना टेबलावरून खाली पडली तर हेड तबकडीवर आपटून कायमची हानी होऊ शकते. एसटीच्या प्रवासात मांडीवर लॅपटॉप घेऊन अशी डिस्क चालविणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; त्यांच्या धैर्याचे मला कौतुक वाटते, शहाणपणाचे नाही.

दुसरी जात एसएसडीची. तिच्यात हलणारा भाग नाही. सूक्ष्म कोठड्यांत कोंडलेल्या विद्युत्भाराच्या रूपाने माहिती राहते. त्यामुळे ती धक्क्याला दाद देत नाही, आणि वेगही कितीतरी अधिक. मात्र हा भार वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास हळूहळू गळतो, आणि उष्णतेत अधिक लवकर गळतो. ‘जेडेक’ या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची ठरलेली मर्यादा संपलेल्या सर्वसाधारण एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकविली म्हणजे पुरे. नवी एसएसडी याहून बरीच अधिक काळ टिकविते हे खरे. तरी ती कुलपात ठेवून पाच वर्षे विसरण्याची वस्तू नव्हे. म्हणून फिरविण्यासाठी एसएसडी आणि घरी ठेवण्यासाठी तबकडीची डिस्क, अशी विभागणी मी सुचवितो. तेवढ्याच जागेसाठी तबकडीची डिस्क स्वस्तही पडते.

वेगाच्या आकड्यांनी मात्र भुलू नये. वेष्टनावरील यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच वेगाची तीन बारशी आहेत : सेकंदाला ५ गिगाबिट. गिगाबिट आणि गिगाबाइट यांत आठपटींचा फरक असतो, हेही ध्यानात असावे. तबकडीची डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १०० ते १३० मेगाबाइटच देते, तेव्हा तिच्यासाठी याहून भारी जोडणीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. परंतु प्रयोगशाळेतील जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत तीच डिस्क लावली, तर जे ५०० गिगाबाइट दीड तासात उतरले असते त्यांना चार तास लागतात.

एक टेराबाइटची डिस्क संगणकाला जोडल्यावर ९३१ गिगाबाइट दिसतात, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीने. खरी फसवणूक वेगळी असते. हजार-दीड हजार रुपयांत १६ टेराबाइट देऊ करणाऱ्या जाहिरातींतील पेटीत बहुधा एखादे लहानसे मेमरी कार्ड असते आणि ते संगणकाला खोटा आकडा सांगते. भरताना काही तक्रार येत नाही. फायलींची नावे दिसतात, आत मजकूर नसतो. नवी डिस्क घेतल्यावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवरील ‘एफ३’ या मोफत साधनाने ती पूर्ण भरून व परत वाचून पाहावी. एक रात्र जाते, पण गॅरंटीच्या कागदापेक्षा ही परीक्षा अधिक कामाची. त्या कागदावर बिघडलेली डिस्क बदलून मिळते, आतल्या ओव्या नव्हेत.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. एनटीएफएस मॅकवर नुसती वाचता येते. एक्सफॅटमध्ये चाललेल्या लेखनाची नोंदवही ठेवलेली नसते, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढणे येथे अधिक महागात पडते.

आता टेराबाइटच्या प्रश्नाकडे येऊ. जेवढ्या पैशांत दोन टेराबाइटची एक डिस्क घ्यावी असे वाटते, त्यात थोडी भर घालून एक-एक टेराबाइटच्या दोन घ्याव्यात. त्या एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या घेऊ नयेत. एकत्र जन्मलेल्या डिस्क कधी कधी एकत्रच आजारी पडतात. ठेवाव्यातही दोन ठिकाणी. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात बेळगाव जिल्ह्यात अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रतींना एकच प्रत म्हणावे लागते. एक खोलीवर असेल तर दुसरी गावी किंवा विभागाच्या कपाटात असावी. आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत दोन्ही संगणकाला जोडून, मधल्याच कुठल्यातरी चार-पाच फायली उघडून कानाने ऐकून पाहाव्यात. नुसती नावांची यादी पाहून समाधान मानू नये.