रात्रीचें छायाचित्रण आणि कॅमेऱ्याचा पडदा

डिजिटल कॅमेऱ्यानें रात्रीं छायाचित्रें घेणारांची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. अंधारांत उभें राहून कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर पाहिलें तेव्हां चित्र चांगलें उजळ दिसलें. दुसऱ्या दिवशीं घरीं संगणकावर पाहावें तों काळेंकुट्ट! दोष कॅमेऱ्याला दिला जातो. परंतु फसगत बहुधा आपल्या डोळ्यांची झालेली असते.

१९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं जो डिजिटल कॅमेरा तयार केला, त्यांतील चित्र पाहण्यास दूरचित्रवाणीचा संच लागे. १९९५ सालीं कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० हा कॅमेरा पाठीवर छोटा पडदा घेऊन बाजारांत आला, आणि पुढें ही सोय सर्वत्र झाली. मात्र हा पडदा दिवसाउजेडीं दिसावा म्हणून प्रखर केलेला असतो, व रात्रीं तोच प्रखरपणा आड येतो.

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडांत काम करितात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक प्रकाशांत उपयोगी पडतात. या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नांवाचें द्रव्य असतें. प्रकाश पडतांच तें विघटित होतें आणि अंधारांत हळूहळू पुन्हां भरून येतें. त्यास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. सिनेमागृहांत उशिरां शिरणारास प्रथम खुर्ची दिसत नाहीं व थोड्या वेळानें शेजारचे चेहरेहि दिसूं लागतात, त्यांत या क्रियेचा मोठा वाटा असतो. अशा सरावलेल्या डोळ्यास अंधुक चित्रहि पडद्यावर उजळ भासतें. उलट, तो प्रखर पडदा कांहीं क्षण न्याहाळला कीं कष्टानें मिळविलेली दृष्टि बरीचशी जाते, आणि आकाशांतील मंद तारे दिसेनासे होतात.

डिसेंबर महिन्यांत १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशींतून होणारा उल्कावर्षाव टिपावयाचा आहे असें समजा. ही संधि वर्षांतून एकदांच येते. चित्रें काळीं निघालीं तर पुढच्या डिसेंबरापर्यंत थांबणें आलें. म्हणून तयारी घरींच, दिवसा करावी. कॅमेऱ्याच्या मेनूंत शिरून पडद्याचा उजेड अगदीं कमी करावा. तो आपोआप बदलण्याची योजना असल्यास तीहि बंद करावी. प्रत्येक चित्रानंतर तें आपोआप पडद्यावर झळकतें, तें थांबवावें. व्ह्यूफाइंडरमध्यें इलेक्ट्रॉनिक पडदा असेल तर त्याचा उजेड निराळा कमी करावा लागतो, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

एका कामासाठीं मात्र पडदा हवाच. एखादा तेजस्वी तारा त्यावर मोठा करून पाहावा आणि तो सर्वांत लहान ठिपका दिसेपर्यंत लेन्सचें कडें हातानें फिरवावें. त्या वेळीं एक डोळा मिटून घ्यावा. दोन्ही डोळे अंधाराला स्वतंत्रपणें सरावतात, त्यामुळें मिटलेला डोळा तयार राहतो. पडद्यावर लाल जिलेटिनचा कागद चिकटविल्यास अधिक बरें, कारण गडद लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फार थोडा परिणाम होतो. अर्थात् मग पडद्यावर रंगांची पारख करतां येणार नाहीं.

चित्र पुरेसें उजळ आलें कीं नाहीं हें डोळ्यानें ठरवूं नये, हिस्टोग्राम पाहावा. या आलेखांत डावीकडे काळोख व उजवीकडे पांढरा उजेड असतो, आणि त्या त्या छटेचे चित्रकण जितके अधिक तितकी उंची अधिक. रात्रीच्या चित्रांत ढीग डावीकडे असणें साहजिक आहे. पण तो डाव्या भिंतीला चिकटला असेल तर पडदा कांहींहि सांगो, चित्र काळें आलें आहे. मग शटर अधिक वेळ उघडें ठेवावें किंवा आयएसओचा आंकडा वाढवावा. रस्त्यावरचे दिवे किंवा चंद्र चित्रांत असल्यास उजवी भिंतहि तपासावी.

दुसऱ्या दिवशीं पडद्याचा उजेड आठवणीनें पूर्ववत् करावा. नाहींतर उन्हांत तो काळा दिसून कॅमेरा बिघडला असेंच वाटेल.