निसर्ग-अभ्यास : उन्हाळ्यातील करडू

मराठवाड्यातील उस्मानाबादी शेळी बहुधा काळी व लांब कानांची असून तिला पुष्कळदा जुळी करडे होतात. वैशाखात जन्मलेले करडू पहिल्याच दिवशी कडक उन्हाळ्यास कसे तोंड देते, हे या पाठात मुलांना समजावून द्यावे.

शेळीच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत कानांतील रक्तवाहिन्या रुंदावून अंगातील उष्णता बाहेर पडते. हवा त्याहून अधिक तापली म्हणजे हा मार्ग खुंटतो. मग करडू धापा टाकते; श्वासावाटे पाण्याची वाफ होऊन शरीर निवते. परंतु लहान देहाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो. म्हणून तो लवकर तापतो. शिवाय त्यातील पाणी थोडे, आणि त्याची भरपाई केवळ आईच्या दुधाने होते. रोगप्रतिकारक द्रव्येही त्यास गर्भात मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात.

कृती : मुलांनी घरच्या करडाच्या कुशीची हालचाल सकाळी व दुपारी सावलीतच १ मिनिट मोजावी. शिक्षकांनी ते आकडे फळ्यावर मांडून फरकाचे कारण विचारावे.

करडू डालग्याखाली झाकण्याची रीत आहे. सावली सरकते, करडू मात्र तेथेच अडकते आणि उन्हात दगावते. म्हणून डालगे सावलीबरोबर हलवावे, करडास वरचेवर पाजावे व जन्मानंतर पहिल्या तासातच चीक द्यावा, एवढे मुलांनी घरी सांगितले तरी पाठ सार्थकी लागेल.