मॅटखालची वायर

लातूरच्या ज्या दुकानदाराने माझ्या गाडीत अ‍ॅम्प बसवला, त्याने माझे पैसे परत दिले नाहीत, आता देणारही नाही. पण आमच्या किल्लारी-लामजना भागात दवंडीच्या, वरातीच्या, कीर्तनाच्या गाड्या वाढल्यात आणि लोक अ‍ॅम्प, लॅपटॉप असल्याच माणसांकडून बसवून घेताहेत, म्हणून लिहितो.

लामजन्याच्या अलीकडे केबिनमध्ये रबर जळाल्याचा वास आला. गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला: बॅटरीपासून थेट निघालेल्या वायरला फ्यूजच नाही, मग किल्ली काढून काय होणार! पान्याने टर्मिनल सोडवलं म्हणून गाडी वाचली. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून वायर तशीच ओढली होती, रबरी बुश न घालता. हादरे बसून पत्र्याच्या धारेने आवरण कापलं आणि प्लस थेट बॉडीला टेकला.

दुकानात गेलो तर म्हणतो, "तुम्ही आवाज फार ठेवता." आवाजाने वायर कापते का? मग म्हणे, अ‍ॅम्पला फ्यूज आहे की! अहो, तो अ‍ॅम्पपुरता. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर पेटली तर त्याला पत्ताही लागत नाही. आणि शेवटी, "मॅटखालचं कोण बघतंय?" हे त्याने किल्लारीच्या माणसाला ऐकवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात आमच्याकडे ज्या भिंती पडल्या, त्या बाहेरून घडीव दगडाच्या होत्या, आत गोटे आणि माती. आतलं कोण बघतंय, हे आम्हाला सांगू नये कुणी.

तर बघाच. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. वायरचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, मला तेच विकलं. खोक्यावरच्या "2000 वॅट"वर जाऊ नका, अ‍ॅम्पवरचे फ्यूज मोजा. 30 अँपिअरचे दोन असतील तर तो 12 व्होल्टवर जेमतेम सातशे-आठशे वॅट ओढणार, बाहेर त्याहून बरंच कमी येणार. त्याला 16 स्क्वेअर एमएम तांबं घाला, आणि अर्थची वायरही तेवढीच जाड. अर्थ जिथे कसायचा तिथला रंग खरवडून काढा.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर माझ्या गळ्यात मारला. 12 चे 230 करायचे आणि चार्जरने परत 19 वर आणायचे, कशाला? थेट 12 वरून 19 व्होल्ट देणारा कार चार्जर मिळतो. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असतो, त्यावर मोठं काही लावू नका. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली की समजा, दोन अर्थांचा घोटाळा आहे. ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की जाते. ऑडिओची आणि करंटची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

 

बिल पक्कं घ्या, त्यावर वायरची जाडी, तांबं आणि फ्यूज हे शब्द लिहून घ्या. मला कच्च्या चिठ्ठीवर "फिटिंग" एवढंच लिहून दिलं होतं, आणि भांडण झाल्यावर तीच चिठ्ठी तो गिऱ्हाइकांना दाखवत होता.