माशाचं डोकं कोण विकत घेतं? आइसलँडच्या समुद्र-उद्योग केंद्राची गोष्ट



मागच्या बैठकीत 'हब', 'क्लस्टर', 'ब्लू इकॉनॉमी' हे शब्द तीन-चार वेळा आले. तेव्हा मागे बसलेल्या एका जुन्या तांडेलांनी विचारलं, "सेक्रेटरी, हे क्लस्टर म्हणजे नवीन जेटी की नवीन टॅक्स?" सगळे हसले, पण खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडा अभ्यास केला. बंदीचे दिवस आहेत, बोटी बांधून आहेत, सावकाश वाचा.

ज्या देशाचं उदाहरण सगळे देतात तो आइसलँड. लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. पीक-पाणी फारसं नाही, थंडी आणि समुद्र एवढंच. मुख्य मासा कॉड. १९८१ साली त्यांनी साडेचार लाख टनांवर कॉड पकडला होता. पुढे मासा कमी झाला, सरकारने पकडीवर बंधनं घातली आणि २०११ पर्यंत पकड निम्म्याच्याही खाली आली. आपल्याकडे असं झालं तर काय होईल ते तारल्याच्या वाईट वर्षांत आपण बघितलं आहे. त्यांच्याकडे मात्र कॉडपासून मिळणारा निर्यातीचा पैसा कमी न होता वाढला.

कसा? तर मासा सोलून गाभा काढला की निम्म्याच्या आसपास माल उरतो. डोकं, काटा, कातडी, आतडी, लिव्हर. बऱ्याच देशांत हे फेकून देतात. आइसलँडमध्ये कॉडचा ८० टक्क्यांवर भाग वापरात येतो. डोकी जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या उष्णतेवर वाळवून आफ्रिकेत नायजेरियाला पाठवतात, तिथे त्याचं कालवण करतात. लिव्हरचं तेल तर जुनंच. आतड्यांतून एन्झाइम काढून औषधी वस्तू करतात. कातडीपासून कोलाजेन बनतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इसाफ्योर्दुर नावाच्या लहानशा मासेमारी गावात केरेसिस नावाची कंपनी निघाली, ती कॉडची कातडी शुद्ध करून माणसाच्या भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमेवर लावायला देते. २०२३ साली डेन्मार्कच्या एका कंपनीने ती सुमारे १.३ अब्ज डॉलरला घेतली. आपल्या हिशोबाने दहा हजार कोटींच्या वर. कातडीचे, मंडळी.

आता क्लस्टर कुठे आलं ते सांगतो. थोर सिगफुसन नावाच्या गृहस्थांनी विद्यापीठात अभ्यास करताना बघितलं की समुद्राशी संबंधित लहान कंपन्या बऱ्याच आहेत, पण एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. जाळीवाल्याला सॉफ्टवेअरवाला माहीत नाही, मासे कापणाऱ्याला औषधवाला माहीत नाही. म्हणून २०११ साली त्यांनी ओशन क्लस्टर सुरू केलं आणि पुढच्या वर्षी रेक्याविकच्या जुन्या बंदरातली एक जुनी इमारत घेऊन सगळ्यांना एका छताखाली बसवलं. आज तिथे सत्तरच्या आसपास लहान-मोठ्या कंपन्या आहेत. कॉफी प्यायला एकाच टेबलावर येतात, तिथेच ओळखी होतात आणि कामं ठरतात. त्यात एवढीच जादू आहे. मोठी यंत्रं, मोठ्या इमारती नंतर आल्या.

तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला मोबाईलचं अॅप आठवतं. आपल्या जेटीवरही मागे एकांनी अॅप आणलं होतं, सगळ्यांचे नंबर घेतले, फोटो काढले, परत काही दिसले नाहीत. पण आइसलँडची मारेल ही कंपनी १९८३ साली सुरू झाली ती एका साध्या अडचणीतून. हलत्या बोटीवर काटा बरोबर वजन दाखवत नाही. विद्यापीठातल्या लोकांनी लाटेचा हेलकावा वजा करून वजन दाखवणारा काटा तयार केला. त्यातून पुढे जगभर मासे कापायची यंत्रं विकणारी कंपनी उभी राहिली. सुरुवात खलाशाच्या अडचणीतून झाली, हे लक्षात घ्या.

एक कडू भागही सांगायला हवा, नाहीतर मी एकाच बाजूचं सांगितलं असं होईल. तिथे १९८४ पासून कॉडला बोटीमागे कोटा आहे आणि १९९० च्या कायद्याने तो कोटा विकता येऊ लागला. लहान मालकांनी अडचणीच्या काळात कोटा विकला, मोठ्या कंपन्यांनी घेतला, काही किनारी गावांत बोटी राहिल्या, पकडायचा हक्क गेला. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर आइसलँडच्या विरोधात मत दिलं. २००९ पासून लहान बोटींना उन्हाळ्यात गळाने मासेमारीची वेगळी मोकळीक ठेवावी लागली. म्हणजे मालाची किंमत वाढली तरी ती कोणाच्या घरी जाते हा प्रश्न वेगळाच राहतो.

आता आपल्याकडे बघू. गोव्यात काय नाही? पणजीपासून सात-आठ किलोमीटरवर दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. हैदराबादहून इन्कॉइस उपग्रहाच्या आधारे पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ बघून मासळी कुठे असू शकते त्याची सूचना देतं, आपल्यातले काही तांडेल ती वापरतात. कोचीला मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे, कोळंबीच्या टरफलातून कायटिन आणि कायटोसान काढण्याचं काम तिने केलेलं आहे. पण आपण आणि ते एका टेबलावर कधी बसलो? शास्त्रज्ञ जेटीवर येतात, नमुने घेतात, जातात. त्यांचंही चुकत नाही, त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही.

मात्र आइसलँडची नक्कल इथे होणार नाही. त्यांचा मासा एकच, मोठा, आणि कारखान्यात कापला जातो, म्हणून डोकी एका जागी जमतात. आपला बांगडा, तारलं अख्खं जातं, डोकी लोकांच्या घरी जातात. वर आपली हवा अशी की बर्फाशिवाय काही तासांत माल जातो. आपल्याकडे एका जागी जमतं ते कोळंबी सोलण्याच्या शेडमधलं टरफल आणि डोकं, अख्ख्या कोळंबीच्या जवळपास निम्मं वजन, आणि माकुलाची आतडी. बाकी बारीक मासळी फिशमीलला जाते, जिथे चार-पाच किलो ओल्या मासळीचं एक किलो पीठ होतं आणि दर ते ठरवतात.

हे सगळं आता का लिहितोय? कोळंबीचं टरफल वाळवण्यासाठी आपली बर्फाची बंद शेड दहा वर्षांच्या कराराने भाड्याने हवी असं एक पत्र ऑफिसात आलं आहे. काही संचालक म्हणतात, बंद पडलीय तर द्या, भाडं तरी येईल. माझं मत वेगळं आहे. नुसतं भाडं घेतलं तर माल आपला, जागा आपली आणि कमाई दुसऱ्याची, आइसलँडच्या लहान मालकांनी कोटा विकला तसंच. करार तीन वर्षांचा असावा, टरफलाला किलोमागे दर असावा, कामाला सोलणाऱ्या बहिणींना पहिली संधी असावी आणि शेडमध्ये एक खोली सोसायटीकडे राहावी, जिथे दोनापावलचा माणूस महिन्यातून एकदा येऊन बसेल. तुम्हाला पटलं नाही तर सभेत स्पष्ट बोला, मी लिहून घेईन.

पण बोलायला आकडे लागतात आणि आपल्याकडे ते नाहीत. रोज किती किलो टरफल निघतं हे कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावर पहिले पंधरा दिवस सोलण्याच्या प्रत्येक शेडवाल्याने टरफल क्रेटमध्ये मोजून तारीख घालून लिहावं. वह्या ऑफिसात ठेवल्या आहेत, जेटीच्या काट्यावर वजन फुकट. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी संध्याकाळी सहाच्या आत आकडा तोंडी सांगितला तरी चालेल. सगळ्या वह्या जमा झाल्या की सभेची तारीख फलकावर लावतो.