नैसर्गिक मारक पेशी व त्यांना ओळखणारी प्रतिपिंडे

नंदुरबार, नवापूर या सीमाभागातील अनेक रुग्ण उपचारासाठी सुरतेस जातात. एखाद्या बालकास दीर्घकाळ ताप राहतो, यकृत व प्लीहा वाढतात आणि रक्तपेशींची संख्या घटते. अशा वेळी एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराची शंका घेऊन नैसर्गिक मारक पेशींची तपासणी करावी लागते. ही तपासणी ज्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते, त्यांची माहिती प्रयोगशाळा तंत्रज्ञांस असणे अगत्याचे आहे.

पेशी व प्रतिपिंड

नैसर्गिक मारक पेशी रक्तातील लसिका पेशींपैकी साधारणतः ५ ते १५ टक्के असतात. विषाणुबाधित व कर्करोगग्रस्त पेशींचा त्या पूर्वपरिचयाशिवाय नाश करतात. त्यांचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची पद्धत मांडली. अशा प्रत्येक पेशीवंशास क्लोन म्हणतात. मारक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीस हे प्रतिपिंड चिकटते. त्यास प्रकाशमान रंग जोडलेला असल्यास फ्लो सायटोमीटर यंत्रात ती पेशी ओळखता येते.

न चिकटण्याचा अर्थ

प्रतिपिंड संपूर्ण ग्राही ओळखत नाही; त्याचा केवळ एक लहानसा भाग ओळखते. तो भाग बदलला की ग्राही असूनही ते चिकटत नाही. उंदरांच्या मारक पेशींवरील एनके-१.१ या ग्राहीसाठी पीके-१३६ हा क्लोन १९८४ पासून प्रसिद्ध आहे. सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदरांत तो उत्तम काम करतो. बाल्ब-सी जातीत मात्र चिकटत नाही. म्हणून बाल्ब-सी उंदरांत मारक पेशी नाहीत असे मानणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

मानवातही असेच घडते. सीडी-१६ या ग्राहीत एका विशिष्ट ठिकाणी बदल झालेल्या काही रुग्णांत बी-७३.१ हा क्लोन चिकटत नाही, परंतु ३जी८ हा क्लोन चिकटतो. पहिल्याच क्लोनवर विसंबल्यास ग्राहीच नाही असा अहवाल जाईल.

रक्तपेढीतील मंडळींस हा धडा नवा नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधून काढला. या गटाचे रक्त ए व बी विरोधी रक्तरसाने गोठळत नाही, म्हणून ते ‘ओ’ गटाचे भासते. एच विरोधी रक्तरसाने तपासल्यावरच भेद उघड होतो. अशा रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास प्राणावर बेतते.

घ्यावयाची दक्षता

१. वेष्टनावर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले प्रतिपिंड रोगनिदानाच्या अहवालासाठी आधारभूत मानू नये.

२. प्रतिपिंडाचे नाव, क्लोन, जोडलेला रंग व तुकडी क्रमांक यांची नोंद ठेवावी.

३. प्रत्येक तपासणीत निरोगी व्यक्तीचा नमुना व नियंत्रक प्रतिपिंड ठेवावे.

४. निष्कर्ष नकारार्थी आल्यास दुसऱ्या क्लोनने पडताळणी करावी.

५. पेशींची संख्या व त्यांची कार्यक्षमता या भिन्न बाबी आहेत. संख्या प्राकृत असूनही परफोरिन या मारक प्रथिनाचा अभाव असू शकतो.

मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था असून तेथे या विकाराच्या चाचण्या करण्यात आल्या आहेत. सुरतेहून मुंबई रेल्वेने सुमारे २६३ किलोमीटर आहे. कार्यक्षमतेच्या चाचणीसाठी जिवंत पेशी लागतात. म्हणून रक्त हेपॅरिनयुक्त नळीत घ्यावे, बर्फात ठेवू नये आणि शक्यतो २४ तासांच्या आत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. नमुना पाठविण्यापूर्वी संबंधित प्रयोगशाळेशी वेळ ठरवून घ्यावी.

या विकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखा निर्णय अशा अहवालाच्या आधारे घेतला जातो. म्हणून ‘आढळले नाही’ हे शब्द लिहिण्यापूर्वी कोणत्या प्रतिपिंडास आढळले नाही, हे तंत्रज्ञाने अवश्य पाहावे.