एक गीत, अनेक संगणक

आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांची परंपरा आपल्या पूर्वजांनी कंठात आणि वहीत जपली. आज आपले तरुण हीच गीते घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करू लागले आहेत. परंतु एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक आणि तिसऱ्याकडे लिनक्स असते. त्यामुळे एकाने आरंभिलेले गीत दुसऱ्याकडे उघडतच नाही. असे का होते व त्यावर उपाय कोणते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

कोणतीही वस्तू स्वयंभू नसून कारणांवर अवलंबून असते, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपणांस परिचित आहे. संगणकाचा प्रोग्रॅमही असाच परावलंबी असतो. ध्वनी हवा असला की तो कार्यप्रणालीकडे मागणी करतो आणि प्रत्येक कार्यप्रणालीची मागणीची भाषा निराळी असते. वाद्यांचे व ध्वनिसंस्काराचे प्लगइनही याला अपवाद नाहीत. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणलेली व्हीएसटी ही पद्धत सर्वत्र रूढ झाली, तरी विंडोजसाठी घडवलेले प्लगइन लिनक्सवर आपोआप चालत नाही.

पहिला उपाय म्हणजे तिन्ही कार्यप्रणालींवर चालणारा प्रोग्रॅम निवडणे. ऑडॅसिटी, आर्डर व एलएमएमएस हे मुक्तस्रोत प्रोग्रॅम तसे आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या अनेक संगणकांवर लिनक्स घालून हे काम करता येते.

दुसरा उपाय वाइन. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विंडोजच्या प्रोग्रॅमची मागणी लिनक्सला समजेल अशा रूपात पोहोचवतो. जणू मधला दुभाषी. त्याच्या आधारे यॅब्रिज हे साधन विंडोजचे प्लगइन लिनक्सवरील प्रोग्रॅमला जोडते. मात्र परवाना तपासणारी काही प्लगइन येथे अडतात. विलंबाकडेही लक्ष हवे. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५ मिलिसेकंद घेतो. आवाज तुटू लागला म्हणून तो १,०२४ केला, तर विलंब २१ मिलिसेकंदांवर जातो. हेडफोनमधून स्वतःचाच आवाज उशिरा ऐकणाऱ्या गायकाचा ताल मग डळमळतो.

तिसरा उपाय सर्वांत भरवशाचा. प्रकल्पाच्या फाइलवर विसंबू नये. गायन, ढोलकी, हार्मोनियम, कोरस असा प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढावा आणि सर्व फाइली गीताच्या शून्य क्षणापासून सुरू कराव्यात, म्हणजे कोठेही त्या अचूक जुळतात. संगणकावर वाजवलेल्या स्वरांची, १९८३ पासून प्रचलित असलेल्या मिडी पद्धतीची फाइलही सोबत ठेवावी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा पाच मिनिटांचा एक मोनो ट्रॅक सुमारे ४३ मेगाबाइट होतो. असे आठ ट्रॅक साध्या पेनड्राइव्हवर सहज मावतात. शेजारी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लय, पट्टी, गीतकार, गायक, वादक आणि दिनांक नोंदवावा.

वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गीते समाजाने मुखोद्गत करून टिकवली, कारण ती कोणा एकाच्या कुलपात नव्हती. आपली ध्वनिमुद्रणेही तशीच मोकळी राहावीत. कंपन्या व कार्यप्रणाली बदलत जातील, परंतु उघड्या स्वरूपात ठेवलेला आवाज पुढच्या पिढीच्या कोणत्याही संगणकावर ऐकता येईल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्याजवळील गीतांची अशी एक प्रत आजच करून ठेवावी, हीच विनंती.