काटा वर चढेना

अगं, गाडी तापत नाही असं सांगितल्यावर मिस्त्री हसला आणि तू तशीच परत आलीस? आपल्याकडे हसणारच बाई. मे महिन्यात शहादा-नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडतो, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफ सोडणाऱ्या गाड्या दिसतात. अशा मुलखात ‘माझी गाडी थंडच राहते’ ही तक्रार कोणाला वाटेल? वरून ‘मॅडम, चांगलंच आहे की’ हे ऐकायला मिळतं.

चांगलं नाही. तू फोनवर जे सांगितलंस त्यावरूनच मला खूण पटली. तळोद्याहून निघालं की चांदसैली घाट चढताना काटा जरासा वर येतो, धडगावकडे उतार लागला की पुन्हा खाली बसतो. सकाळच्या थंडीत हीटर नुसता कोमट वारा सोडतो. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त जातं. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

इंजिनाला थंडावा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याला ऊब लागते हे फार थोड्यांना. खापर तापल्याशिवाय तू त्यावर मांडा टाकतेस का? तसंच आहे. साधारण ८५ ते १०० अंशांच्या मधे इंजिन नीट चालतं. त्याहून गार असलं तर पेट्रोलची पुरती वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. जळताना तयार झालेलं पाणीही ऑइलमध्येच मुरतं, कारण ते उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. ॲव्हरेज पडणं हे लगेच दिसणारं नुकसान. इंजिनाची झीज मात्र काही वर्षांनी कळते, आणि तिचं बिल मोठं असतं.

हे तापमान सांभाळतो तो थर्मोस्टॅट, आपल्या गॅरेजांत त्याला नुसतं ‘वॉल्व’ म्हणतात. मुठीत मावेल एवढा. आत मेणाची डबी असते. इंजिन गार असताना वॉल्व बंद, कूलंट इंजिनातच फिरतो आणि लवकर तापतो. ८२ किंवा ८८ अंशांना, जो आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, मेण वितळून फुगतं, वॉल्व उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागतो. हा उघडा अडकला तर पहिल्या मिनिटापासून सगळा कूलंट रेडिएटरमधून फिरून गार होत राहतो. मग घाटउतारावर, जिथे इंजिनावर भारच नसतो, काटा पडणारच.

तुझी गाडी जुनी घेतलेली आहे, म्हणून मला आणखी एक शंका आहे. वॉल्व अडकलेला नसेलच, मुळात तो जागेवरच नसेल! उन्हाळ्यात गाडी तापली की वॉल्व काढून फेकायचा, ही उष्ण भागातल्या गॅरेजांची जुनी खोड. ‘आता कधी गरम होणार नाही’ असं वर छातीठोकपणे सांगतात. गंमत म्हणजे काही इंजिनांत हाच वॉल्व आतली बायपासची वाटही बंद करत असतो. तो काढला की कूलंट रेडिएटर टाळून त्या वाटेनेच फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते.

पण नवा वॉल्व घ्यायच्या आधी घरीच पाहून घे. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. कूलंटच्या बाटलीत पातळी दोन रेघांच्या मधे आहे का बघ. कूलंट कमी असेल तर सेन्सरला नुसती हवा लागते आणि काटा खोटं बोलतो. मग गाडी सुरू कर आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड होज पाइपला हात लाव. ओढणी नीट खोच, बांगड्या मागे सार, आणि पंख्यापासून हात लांब ठेव, तो केव्हाही सुरू होतो. वॉल्व चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहील आणि मग थोड्या वेळात चटका बसण्याइतका तापेल. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल्व उघडा आहे किंवा नाहीच. (काही गाड्यांत वॉल्व खालच्या पाइपाकडे असतो, तिथे ही खूण इतकी स्पष्ट मिळत नाही.)

वॉल्वला दोष देण्याआधी सेन्सरची बाजूही ऐक. काटा खाली, पण पाइप कढत आणि हीटर मस्त गरम, असं असेल तर इंजिन ठीक आहे, सेन्सर किंवा त्याची वायर बिघडलेली. फोनला ब्लूटूथने जोडता येणारा छोटा स्कॅनर कोणाकडे असेल तर माग. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघ. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. दोन्हींत मोठा फरक दिसला तर सेन्सर खोटा. दोन्ही सारखे आणि तरी मोकळ्या रस्त्यावर कूलंट साठ-सत्तरच्या पुढे जात नाही, गर्दीत उभं राहिलं की चढतं, तर वॉल्वच. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवर बहुधा ‘पी ०१२८’ दिसेल, म्हणजे कूलंट हवा तितका तापत नाही.

कोणी पंख्याला दोष देईल. पंखा सारखा फिरला तरी बंद वॉल्वच्या इंजिनाला तो फार गार करू शकत नाही. उलट सेन्सरची वायर निघाली की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो. तेव्हा फिरता पंखा हा सेन्सरकडे बोट दाखवणारा साक्षीदार समज.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, सायीसारखा थर दिसला तर एकदम घाबरू नकोस. थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो येतोच. पण डिपस्टिकवरचं सगळं ऑइल दुधाळ कॉफीसारखं झालं असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचं दुखणं असू शकतं. मग गाडी चालवूच नको, टो करून ने.

आता गॅरेजात काय बोलायचं ते ऐक. ‘गाडी थंड आहे’ असं म्हणू नकोस. ‘दादा, वॉल्व उघडा अडकलाय किंवा काढलेला आहे, माझ्यासमोर हाउसिंग खोला’ असं म्हण. ‘साहेबांना पाठवा’ म्हणाले तर ‘गाडी मीच चालवते’ म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं. बायका उभ्या राहिल्या की काम जरा नीट होतं, हा माझा अनुभव. जुना वॉल्व हातात माग. गार असताना तो पूर्ण मिटलेला असायला हवा. फट दिसली की निकाल लागला.

नवा आणलास तर बसवायच्या आधी पाण्यात तपास. भांड्यात तारेने लटकव, तळाला टेकू देऊ नकोस, सोबत तापमापक ठेव आणि पाणी तापव. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडला पाहिजे. तोरणमाळला हवेचा दाब कमी म्हणून पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं, तरी चाचणीला ते पुरतं. भांडं मात्र स्वयंपाकातलं नको, जुना वॉल्वही त्यात तपासलास तर त्याचा कूलंट भांड्यात उतरतो. कूलंट विषारी असतो, चवीला गोड असतो, त्यामुळे सांडलेला राहिला तर कुत्री आणि लहान मुलं दोघांनाही धोका.

कमी अंशांचा वॉल्व ‘उन्हाळ्यासाठी’ म्हणून गळ्यात मारतील, तो घेऊ नकोस. कंपनीने सांगितलेल्या अंशांचाच हवा. रेडिएटरवर पुठ्ठा लावायचाही सल्ला मिळेल. थंडीत जुन्या ट्रकांच्या रेडिएटरवर गोणपाट बांधलेलं तूही पाहिलं असशील. वर डोंगरात डाबकडे दव गोठतं तेवढ्या थंडीत एखाद्या दिवसाची ती सोय ठीक, पण पुठ्ठा विसरून दुपारी तळोद्याच्या उन्हात उतरलीस तर गाडी उकळेल.

वॉल्व बसवताना त्याच्या कडेला एक बारीक भोक असतं, ते वरच्या बाजूला आलं पाहिजे, हवा तिथून निघते. रबरी रिंग किंवा पॅकिंग नवं टाकायला लाव. कूलंट भरताना बोअरचं पाणी मुळीच घालू देऊ नकोस, त्याने आत क्षार साठतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर मिसळलेला घ्यायचा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढायला सांग, घाई करतील, तू करू नकोस. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणी उघडू लागलं तर लांब हो आणि त्यालाही थांबव.

शिवाय ऑइल बदलून घे. इतके महिने पेट्रोल आणि पाणी पिऊन बसलेलं ऑइल नव्या वॉल्वबरोबर ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, कूलंटची पातळी पुन्हा बघ. अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरते, तेवढी भर घाल. मग घाट चढून ये आणि काटा कुठे थांबतो ते मला कळव.